तिसऱ्या शहराचं उत्तर

आमच्या बस डेपोत दोनशे दहा ड्रायव्हर होते आणि उद्या कोणी कुठली बस घ्यायची हे एक बाई ठरवायच्या. सगळे त्यांना ड्युटीताई म्हणत. खोली लहानशीच, डिझेलच्या वासाची. खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला पांढरा रंग फासलेला होता, कारण नाहीतर ड्रायव्हर बाहेरून माना उंच करून आपली ड्युटी वाचायचे आणि आत यायच्या आधीच भांडण तयार ठेवायचे. त्याच खोलीत समोरच्या टेबलावर मी हजेरी आणि रजेचं काम बघत असे. कॉम्प्युटर आला होता, पण ताई आधी मोठ्या कागदावर पेन्सिलीने चार्ट आखायच्या. "आधी माणसाच्या डोक्यात बसू दे, मग यंत्राच्या," असं त्यांचं म्हणणं.

रजा मागायला येणाऱ्यांची रांग असायची. एका ड्रायव्हरची सासू वर्षातून तीनदा वारायची. ताई त्याला म्हणाल्या होत्या, "सासूबाईंना म्हणावं, एकदाच काय ते ठरवा. मला चार्ट बदलावा लागतो." आणि तरी त्याला रजा दिली होती. बोलायला फटकळ, पण कोणाच्या घरी खरंच कोण आजारी आहे हे त्यांना तोंडपाठ असे. बावीस वर्षांत ड्रायव्हर नाही म्हणून आमची एकही बस आवारात उभी राहिली नव्हती. हे त्या स्वतः कधी सांगत नसत, डेपो मॅनेजर सांगायचे.

त्यांचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. मी ताईंना ताई म्हणत असल्याने ते माझे भाऊजी झाले आणि मला त्यांनी मेव्हणीबाई करून टाकलं. उंच, हडकुळे, थोडे वाकलेले. कुठल्याही इमारतीत शिरले की आधी कान टवकारायचे आणि कोणी विचारलं नसताना सांगायचे, "हिच्या दोराला तेल हवंय." स्वतः मात्र दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहायचे. "न्हाव्याचं डोकं बघावं आणि लिफ्टवाल्याचं घर," असं म्हणून हसायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं.

रक्तदाबाच्या गोळ्या त्यांनी कित्येक वर्षं मनाला येईल तशा घेतल्या. त्याचं फळ म्हणून चार वर्षांपूर्वी दोन्ही मूत्रपिंडं गेली. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी आठवड्यातून तीनदा सकाळी त्यांची डायलिसिसची वारी सुरू झाली. हातात दोन जाड सुया, चार तास खुर्चीत, सगळं रक्त यंत्रातून फिरून परत अंगात. घरी आले की ते अंथरुणावर आडवे व्हायचे आणि संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड. पाणी दिवसाला मोजून. ताईंनी बाटलीवर रंगाने रेघा मारून दिल्या होत्या, सकाळची रेघ, दुपारची रेघ. एखादी रेघ लवकर संपली की त्या दिवशी ते बर्फाचा खडा चघळत बसायचे.

एका दुपारी डबा खाऊन झाल्यावर ताईंनी टेबलावर चार्टचा कोरा कागद पसरला. मला वाटलं पुढच्या महिन्याचं काम. पण डाव्या बाजूला ड्रायव्हरांच्या जागी त्यांनी तीन शहरांची नावं लिहिली.

"तुला इंग्रजी बऱ्यापैकी येतं ना?"

"पत्र लिहिण्यापुरतं येतं."

"तेवढंच हवंय. आम्ही फिरायला जाणार आहोत. परदेशात. पंधरा दिवस, तीन शहरं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि भाऊजींचं डायलिसिस?"

"त्यासाठीच तर तू हवीस," ताई म्हणाल्या.

त्यांनी सगळी चौकशी केलेली होती. परगावचा रुग्ण आला तर तिथली काही रुग्णालयं खुर्ची देतात, पण आधी लिहावं लागतं. डॉक्टरांचं पत्र, महिन्याच्या आतले रक्ताचे रिपोर्ट, वजन, औषधं, सगळं धाडावं लागतं. मग ते कळवणार, जागा आहे की नाही. शुक्रवारचं डायलिसिस इथे उरकून शनिवारी निघायचं. सोमवार-बुधवार पहिल्या शहरात, शुक्रवार-सोमवार दुसऱ्या, बुधवार-शुक्रवार तिसऱ्या, की शनिवारी परत. कागदावर ते सहा दिवस त्यांनी लाल पेन्सिलीने भरले होते. मधले पांढरे चौकोन फिरायचे.

शहरांची नावं ताईंना नीट उच्चारता येत नसत, म्हणून आम्ही आमचीच नावं पाडली. पहिलं वेळेचं गाव. तिथे बस एक मिनिट चुकली तर लोक बसवर संशय घेत नाहीत, स्वतःचं घड्याळ तपासतात असं ताईंनी कुठेतरी वाचलं होतं आणि ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. दुसरं समुद्राचं, ते दोघांचं. तिसरं लिफ्टचं गाव. ते फक्त भाऊजींचं.

त्या रविवारी कागदपत्रं गोळा करायला मी त्यांच्या घरी गेले. भाऊजींनी दार उघडलं आणि मी चकित झाले. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री, पायात नवे कोरे बूट, घरातल्या घरात.

"सवय करतोय," ते म्हणाले. "परदेशात बूट चावला तर कोणाच्या नावाने ओरडणार?"

मग त्यांनी मला ती लिफ्ट समजावून सांगितली. तिथल्या एका जुन्या कचेरीत आहे. तिला दार नाही आणि ती थांबत नाही. एका बाजूने डबे वर जात राहतात, दुसऱ्या बाजूने खाली येत राहतात, माळेच्या मण्यांसारखे. माणसाने चालत्या डब्यात पाय टाकायचा आणि चालत्या डब्यातून बाहेर पडायचं.

"आणि वरच्या टोकाला गेल्यावर?" मी विचारलं.

"हां! तेच तर! लोकांना वाटतं, वर गेल्यावर डबा उलटा होतो आणि माणूस डोक्यावर. तसं काही नाही. आडवा सरकतो नुसता, आणि खाली यायला लागतो. पुस्तकात चित्र आहे, पण मला तिथे आत उभं राहून बघायचंय." त्यांनी तळहात वर नेला, आडवा सरकवला, खाली आणला. "आयुष्यभर वर-खाली केलं, मेव्हणीबाई. आता जरा आडवं फिरू."

ताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "बोलून घसा कोरडा करू नका. दुपारची रेघ अजून लांब आहे."

"बघ, हे असं. पासष्टाव्या वर्षी पाण्याला रेशनकार्ड." मग डावा हात पुढे करून म्हणाले, "इथे बोट ठेव." मनगटाच्या वर, जिथे सुयांसाठी शीर जोडून जाड केलेली होती, तिथे कातडीखाली काहीतरी गुरगुरत होतं. "मोटर चालू आहे," ते म्हणाले. इतक्या अभिमानाने, की मला हसूही आलं आणि कसंतरीही झालं.

पत्रव्यवहार माझ्या मेलवरून चालला. वेळेच्या गावाने चौथ्या दिवशी हो म्हणून कळवलं, अगदी खुर्चीच्या नंबरासकट. समुद्राच्या गावाने दोन आठवडे घेतले, दोन कागद जास्तीचे मागितले आणि हो म्हटलं. लिफ्टचं गाव काही बोलेना. व्हिसाच्या अर्जाला तिन्ही ठिकाणची पत्रं जोडायची होती, त्यामुळे सगळं तिथे अडलं. रोज दुपारी ताई माझ्याकडे नुसत्या बघायच्या आणि मी मान हलवायचे.

भाऊजी मात्र खुलले होते. डायलिसिसच्या खोलीतल्या सिस्टर त्यांना पायलट म्हणायला लागल्या. पाण्याच्या रेघा ते न सांगता पाळत होते. संध्याकाळी जिना दोनदा उतरून चढायचे, परदेशात पायऱ्या असतील म्हणून. मला वाटायचं, माणसाला जगायला एवढंसं निमित्त पुरतं. ताईंनी केवढी युक्ती काढली!

एका शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीआधी उत्तर आलं. तिसऱ्या शहराचं. उशिराबद्दल क्षमा मागून त्यांनी लिहिलं होतं की बुधवार आणि शुक्रवार, दोन्ही दिवसांची जागा ठेवली आहे, यावं. मी खुर्चीतून उठूनच ओरडले, "ताई, आलं! हो म्हणालेत!"

ताई उठल्या नाहीत. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, खोलीचं दार लावलं आणि माझ्या शेजारी येऊन स्क्रीनकडे बघत उभ्या राहिल्या. मी त्यांना ओळीओळीचा अर्थ सांगितला.

"हे त्यांना सांगू नकोस," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, संध्याकाळी घरी जाऊन आपणच सांगायचं असेल. तसं मी म्हटलंही.

"मीही सांगणार नाहीये."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. सहलीचा कागद टेबलावर पसरला त्याच्या आठवडाभर आधी डॉक्टरांनी ताईंना बोलावून घेतलं होतं. भाऊजी डॉक्टरांना परस्पर म्हणाले होते, मला हे डायलिसिस बंद करायचंय. डायलिसिस थांबवलं की माणूस आठवडा-दहा दिवस काढतो, फार फार तर पंधरा, हे त्यांना पक्कं माहीत होतं. घरी ताईंनी आकांत केला. तेव्हा भाऊजी म्हणाले, "बरं. एक फिरणं होऊ दे, तुझं-माझं राहून गेलेलं. तोवर मी मुकाट्याने जाऊन बसेन. पण परत आलो की मला कोणी सुई लावायची नाही. कबूल?" आणि ताईंनी कबूल केलं होतं. त्यांना वाटलं होतं, फिरायच्या नादात विचार बदलेल.

"बदललाय की!" मी म्हटलं. "नवे बूट घेतलेत, हसतायत..."

"काल विचारलं मी. म्हटलं, आता बरं वाटतंय ना, मग परत आल्यावरचं ते सोडून द्या. तर म्हणाले, बरं वाटतंय ते शेवट ठरलाय म्हणूनच." ताई माझ्या टेबलाची कड नखाने खरवडत होत्या. "जोवर हा चार्ट पुरा होत नाही ना, तोवर ते खुर्चीत जाऊन बसतायत. पुरा झाला की संपलं. तू त्या रुग्णालयाला लिही, पेशंटची तब्येत बरी नाही, पुढच्या महिन्याची तारीख द्या."

"ताई, हे बरोबर नाही."

"मला कळतं ते. तू फक्त लिही."

मी लिहिलं. माझ्याच बोटांनी लिहिलं, आणि लिहिताना मला ताईंची दया आली होती. भाऊजींची आली नव्हती. हे आज सांगायला हवं.

पुढच्या महिन्याची तारीख आली. तीही आम्ही पुढे ढकलली. मग तिसरी. दर वेळी ते लोक सभ्यपणे लिहायचे, आम्ही समजू शकतो, रुग्णाला लवकर आराम पडो. घरी ताई सांगायच्या, अजून उत्तर नाही. भाऊजी म्हणायचे, "जुन्या कचेरीतली लिफ्ट आहे, तिच्या गावातलं सगळं तसंच हळू असणार." तेच त्या गावाची बाजू घ्यायचे.

तिसऱ्या महिन्यात ते थकले. मी गेले तेव्हा बूट दाराजवळ कागदात गुंडाळून ठेवलेले होते. "मेव्हणीबाई, आमच्या लिफ्टचं राहू दे," ते म्हणाले. "दोनच गावं करू. त्यांची पत्रं आहेत ना?" मी ताईंकडे बघितलं. ताई शांतपणे कागद घेऊन बसल्या आणि त्यांनी समजावलं की तिसरं गाव काढलं तर परतीचं विमान बुधवारी येतं, म्हणजे बुधवारचं डायलिसिस हुकतं. समुद्राचं गाव आधी घेतलं तर त्यांच्याकडे सोमवारी जागा नाही. उलटं केलं तर आठवड्यात तीनच्या जागी दोनच बसतात. भाऊजी एकेका चौकोनावर बोट ठेवून विचारत होते आणि ताई एकेक चौकोन खोडत होत्या. ज्या बाईने बावीस वर्षं न जमणारं जमवलं होतं, तिने त्या दिवशी जमणारं जमू दिलं नाही. शेवटी भाऊजी म्हणाले, "तुला नाही जमत म्हणजे कोणालाच जमणार नाही," आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

त्या दिवसांत डायलिसिस त्यांना जड जायला लागलं होतं. मधेच रक्तदाब कोसळायचा, पायात असे गोळे यायचे की दोन सिस्टर पाय दाबून धरायच्या. हे ताई मला सकाळी चार्ट लिहिता लिहिता सांगायच्या, हवामान सांगावं तसं.

मग एका गुरुवारी भाऊजी स्वतःच डेपोत आले. आमच्या खोलीचं दार त्यांनी कधी बघितलं नव्हतं, विचारत विचारत आले. दम लागला होता. ताई जागेवरून अर्ध्या उठल्या.

"तू बस. मी हिच्याकडे आलोय," ते म्हणाले आणि एक जाड पाकीट माझ्या पुढ्यात ठेवलं. "टपालाने आलंय, परदेशातून. मला मॅन्युअलमधलं इंग्रजी येतं, माणसांचं येत नाही. पण गावाचं नाव ओळखलं मी. लिफ्टच्या गावाचं उत्तर आलंय ना?"

त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघवत नव्हतं. मी पाकिटातून कागद काढले. रुग्णालयाचा नकाशा होता, काय खावं-खाऊ नयेचं पत्रक होतं आणि वर एक पत्र. अर्जावर घरचा पत्ता मीच भरला होता, ते टपालाने काही पाठवतील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"यात लिहिलंय की," मी सुरुवात केली, "अजून त्यांच्याकडे जागा..."

"खरं वाच," ताई मागून म्हणाल्या.

बाहेर कोणीतरी बस रिव्हर्स घेत होतं.

मी खरं वाचलं. आम्ही आपल्यासाठी चौथ्यांदा जागा ठेवत आहोत. यापूर्वीच्या तिन्ही तारखा आपण पुढे ढकलल्यात. तब्येतीची अडचण आम्ही समजतो, पण इतर रुग्णही वाट बघत असल्याने यानंतर जागा ठेवता येणार नाही. सोबत नकाशा जोडला आहे.

भाऊजींनी पत्र हातात घेतलं, वाचता येत नसूनही पुष्कळ वेळ बघितलं. मग ताईंना विचारलं, "पहिलं उत्तर कधी आलं?"

"एकशे अठरा दिवस झाले," ताई म्हणाल्या. दिवस त्यांना पाठ होते.

भाऊजी पुटपुटत हिशेब करत होते. "म्हणजे पन्नास वेळा," ते म्हणाले. "दर वेळी दोन सुया. शंभर."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पत्र घडी घालून खिशात ठेवलं, आणि फाटकापर्यंत जायला मला हात मागितला. ताईंना नाही.

तरीही ते दोघं गेले असते. ही चौथी तारीख तीन आठवड्यांवर होती आणि ताईंनी त्याच दिवशी संध्याकाळी वेळेच्या आणि समुद्राच्या गावांना लिहायला लावलं. दोन्हीकडून हो आलं. आता ताई इतक्या झपाट्याने कागद जमवत होत्या की बघून वाईट वाटावं. फक्त डॉक्टरांची प्रवासाच्या दाखल्यावर सही उरली होती. ती घ्यायला दोघं गेले तर डॉक्टरांनी छातीची तपासणी करायला सांगितली आणि मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, हृदय फार थकलंय, विमानात बसवायची सही मी करणार नाही.

"आणि चार महिन्यांपूर्वी?" ताईंनी विचारलं. का विचारलं देव जाणे.

डॉक्टरांनी फाइलची पानं मागे उलटली. "तेव्हा केली असती," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ताई कामावर आल्या, हे मला सांगितलं आणि चार्ट आखायला बसल्या. दुपारपर्यंत त्यांनी एकही चौकोन भरला नव्हता. शेवटी मी माझी खुर्ची तिकडे नेली आणि आम्ही दोघींनी मिळून तो पुरा केला.

घरी भाऊजींनी भांडण केलं नाही. ते एवढंच म्हणाले, "आपलं ठरलं होतं परत आल्यावरचं. आता जाणंच नाही, तर परत कुठून येणार? तेव्हा माझं वचन सुटलं आणि तुझंही. मी आपल्या मनाने थांबणार नाही आता. तू सांगशील त्या दिवशी थांबेन. चार्ट तुझा आहे."

यापेक्षा मोठी शिक्षा त्यांना सुचली नसती. की ती शिक्षा नव्हतीच, मला नक्की सांगता येत नाही. ताईंना तरी ती तशीच लागली. रविवारी रात्री त्या म्हणायच्या, उद्या सिस्टरना 'नको' म्हणून सांगूया. आणि सोमवारी सकाळ झाली की त्यांना बूट घालून खाली घेऊन जायच्या. सहा आठवडे असं चाललं. भाऊजींचं वजन उतरत गेलं. सुई टोचायला जागा सापडेना. खुर्चीत त्यांना भान राहीनासं झालं, एकदा शुद्धीवर आले आणि सिस्टरना विचारलं, "किती मजले झाले?"

सातव्या आठवड्यातल्या बुधवारी सिस्टर सुया घेऊन आल्या तेव्हा ताई मधे उभ्या राहिल्या. "आज नको," त्या म्हणाल्या. सिस्टरना वाटलं, आज बरं वाटत नसेल. "मग उद्या आणा," त्या म्हणाल्या. "उद्याही नको," ताई म्हणाल्या. भाऊजींनी डोळे उघडून त्यांच्याकडे बघितलं आणि परत मिटले. ते काही बोलले नाहीत, हे ताईंनी मला तीनदा सांगितलं. आभारही मानले नाहीत, रागही केला नाही.

नऊ दिवस लागले. पाचव्या दिवशी मी भेटायला गेले. ताई औषधं आणायला खाली गेल्या होत्या. भाऊजींचा चेहरा सुजला होता, श्वास मोठ्याने चालला होता, पण ते जागे होते. उशाशी स्टीलचा पेला काठोकाठ भरलेला.

"बघ," ते म्हणाले, "पूर्ण पेला. कोणी काही म्हणत नाही." त्यातलं त्यांना दोन घोटही जात नव्हते. मग थोड्या वेळाने म्हणाले, "त्या दिवशी तू खोटं वाचणार होतीस ना? अजून जागा नाही म्हणून?"

मी हो म्हटलं. लाज वाटली, पण हो म्हटलं.

"ते वाक्य पुरं करायला हवं होतंस, मेव्हणीबाई," ते म्हणाले. "मी त्या वाक्यावर अजून दोन महिने काढले असते."

जिन्यात ताईंची पावलं वाजली आणि ते बोलणं तिथेच राहिलं. त्यानंतर माझं त्यांच्याशी बोलणं झालं नाही.

भाऊजी गेल्यावर ताई तिसऱ्या आठवड्यात कामावर आल्या. ड्रायव्हर एकेक करून भेटून गेले. तो सासूवाला तर दाराशी उभा राहून रडला, आणि ताईंनीच त्याला खुर्ची दिली. कामात त्यांची कसर नव्हती. पण माझ्याशी त्या हिशेबापुरतंच बोलायला लागल्या. रजेचा कागद द्यायच्या, सही घ्यायच्या. डबा त्या खिडकीपाशी उभ्या राहून खायच्या. दीड महिन्यात त्यांनी दुसऱ्या डेपोत बदली मागून घेतली, आणि जाताना कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे न देता मॅनेजरांकडे दिल्या. त्यांचं काम आता मी करते.

मला राग आला नाही. मी समोर असले की त्यांना काय दिसत असेल ते मला माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर त्या गेल्या तेव्हा मलाही सुटल्यासारखं वाटलं होतं. तारखा पुढे ढकलणारे ते मेल अजून माझ्याकडे आहेत. मी ते उघडत नाही आणि पुसतही नाही.

दोन वर्षांनी त्या मला मुख्य कचेरीत भेटल्या. निवृत्तीच्या कागदांसाठी आल्या होत्या, मी दुसऱ्याच कामासाठी. एकाच बाकावर बसायची वेळ आली. केस सगळे पांढरे झाले होते, बाकी तशाच. त्यांनी माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. मी सांगितलं, आता काठी घेऊन चालते. मग कितीतरी वेळ दोघी समोरच्या भिंतीवरच्या सूचना वाचत बसलो.

"तुला झोप लागते का गं?" त्यांनी एकदम विचारलं.

"लागते," मी म्हटलं.

"मलाही लागते," ताई म्हणाल्या. "पडल्या पडल्या लागते. लाज वाटते मला."

तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला. त्या उठल्या, पिशवीतली फाइल काढून छातीशी धरली आणि आत गेल्या. त्या बाहेर यायच्या आत मी माझं काम टाकून तिथून निघून आले.